अंड्याचा भाव रमजान ठरवत नाही

रमजान जवळ आला की डहाणूच्या बाजारात आणि तलासरीच्या नाक्यावर एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘आता रमजान आहे, अंडी महागणारच.’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. सहेरीला अंडे सोयीचे असते, झटपट होते आणि पोटाला आधार देते. त्यामुळे या महिन्यात मोहल्ल्यातला खप थोडा वाढतो, हे खरे. पण भाव त्यामुळे चढतो का? याचे उत्तर कॅलेंडर देते.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. २०१५ मध्ये तो जून-जुलैत होता, २०२० मध्ये एप्रिल-मेमध्ये आणि यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. रमजानमुळे भाव चढत असता, तर तेजीही अशीच महिन्यामागून महिना सरकली असती. प्रत्यक्षात अंड्यांची तेजी थंडी सोडून फारशी हलत नाही. २०२३ मध्ये रमजान मार्चअखेरीस सुरू झाला, तेजी मात्र जानेवारीतच येऊन गेली होती. गेल्या डिसेंबरातही मोठ्या उत्पादक केंद्रांवर घाऊक भाव शेकडा सहाशेच्या पुढे गेला. तेव्हा रमजानला दोन महिने अवकाश होता.

शिवाय डहाणू-तलासरीची मागणी मुळात कोणाची आहे? २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दहापैकी सुमारे नऊ जण आदिवासी आहेत. इथल्या काही मोहल्ल्यांची सहेरी राज्याचा बाजार हलवू शकत नाही.

भाव ठरतो तो इथून दूर. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, १९८२ पासून केंद्रवार शेकडा भाव जाहीर करते. हा भाव सुचवलेला असतो, पण बहुतेक व्यापारी त्यावरच चालतात. त्यात वाहतूक, फूट आणि दुकानदाराचा नफा मिळवला की किरकोळ भाव निघतो. महाराष्ट्रात अंडी पुरेशी होतही नाहीत. पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते, की राज्याला रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि उत्पादन एक ते सव्वा कोटींच्या घरात आहे. उरलेली कर्नाटक, तेलंगणा, तामिळनाडूतून येतात. उत्तर भारतात थंडी पडली, तिकडची मागणी वाढली, की त्याच अंड्यांसाठी ओढाताण सुरू होते. महामार्गावरच्या तलासरीच्या टपरीपर्यंत तिची झळ पोहोचते.

दुसरे कारण कोंबडीच्या खाद्याचे. उत्पादन खर्चाचा साधारण दोन तृतीयांश भाग खाद्यावर जातो आणि खाद्यात मोठा वाटा मक्याचा, त्याखालोखाल सोयाबीन पेंडीचा. अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. खाद्य किलोमागे पाच रुपयांनी महागले, तर रोजचा खर्च ५५ पैशांनी वाढतो. कोंबडी रोज अंडे देतेच असे नाही, म्हणून एका अंड्यावर साठ पैशांच्या आसपास बोजा येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा घातली आणि मका इथेनॉलचा मोठा कच्चा माल झाला. पेट्रोलची टाकी आणि कोंबडीचे खाद्य एकाच पिकावर आले. मका पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, ही त्याची दुसरी बाजू.

मग मका उतरल्यावर अंडे का उतरले नाही? २०२५ च्या हंगामात मक्याचा भाव अनेक बाजारांत २,४०० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. तरीही डिसेंबरात अंडी तेजीतच होती. कारण अंड्याचा पुरवठा नळासारखा सोडता येत नाही. आज आणलेले पिल्लू अंड्यावर यायला चार-पाच महिने लागतात. तोट्याच्या काळात लहान पोल्ट्रीवाला पक्षी विकून शेड रिकामी करतो. खाद्य स्वस्त झाले तरी ती शेड लगेच भरत नाही. बर्ड फ्लूमध्येही हेच घडते. २००६ मध्ये देशातली पहिली साथ नवापूरला आली, २०२१ मध्ये ती तिथे पुन्हा आली आणि २०२२ मध्ये आपल्या वसई-विरारमध्येही तिचा शिरकाव झाला. अशा वेळी आधी लोक खाणे सोडतात, भाव कोसळतो, पोल्ट्रीवाला बुडतो. टंचाई जाणवते ती काही महिन्यांनी, लोक साथ विसरल्यावर.

पाड्यावरची गावठी कोंबडी ही तूट भरू शकत नाही. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या आसपास. त्यातलीही बरीच अंडी रवणीला ठेवली जातात आणि मानमोडी आली की खुराडे एका आठवड्यात रिकामे होते. मानमोडीची लस पाड्यावर वेळेत पोहोचली, तर निदान घरच्या पोरांच्या ताटातले अंडे वाचेल.

कारण खरे कोणते, हे शोधायचे ते याच ताटासाठी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे मिळते. त्याचा दर सरकारी आदेशाने ठरतो, बाजार मात्र रोज बदलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारातही आठवड्याला एक अंडे आले, अंड्यामागे पाच रुपये धरून. त्याच थंडीत बाजार पाचाच्या पुढे गेला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निधीच बंद केला आणि अंडे हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. शहरातली शाळा कदाचित देणगीदार शोधेल. तलासरीच्या पाड्यावरची शाळा कोणाकडे जाणार? महागाईचा दोष सणावर टाकला, की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

पुढच्या काही वर्षांत तर ही गफलत वाढणार आहे. रमजान सरकत सरकत आता थंडीत शिरतो आहे. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल आणि २०३० मध्ये जानेवारी आणि डिसेंबर असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. तेव्हा अंडी रमजानमध्येच महाग दिसतील आणि ‘बघा, म्हटले नव्हते?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांना एवढेच सांगावे, की २०१५ मध्ये रमजान जूनमध्ये सुरू झाला होता, थंडीत नव्हे. अंड्याला थंडी कळते, मक्याचा भाव कळतो, रिकामी शेड कळते. ते विकत घेणारा कोणत्या धर्माचा आहे, हे काही त्याला कळत नाही.