म्हशीने काय खाल्ले?

कल्याणात दूधनाका आहे आणि बैलबाजारही आहे. गुरांपेक्षा रिक्षा जास्त झाल्या तरी नावे टिकून आहेत. आमच्या घरी अजूनही पिशवीचे दूध येत नाही, तबेल्यातले म्हशीचे येते. घट्ट साय धरणाऱ्या त्या दुधाचा मला थोडा अभिमानही आहे.

गेल्या पावसाळ्यात दुधाचे पैसे द्यायला मी स्वतःच तबेल्यात गेलो. आंबोणाच्या पिंपाशेजारी पोती रचलेली होती. एकाचे तोंड उघडे होते. आत तपकिरी भरड, आणि तिला पावाच्या भट्टीसारखा आंबूस वास.

‘‘हे काय, शेठ?’’

‘‘डीडीजीएस. इथेनॉलच्या कारखान्यातला मका. सरकी पेंडीपेक्षा स्वस्त पडतो.’’

पोत्यावर कारखान्याचे नाव नव्हते, तारीख नव्हती. घरी येऊन हे सांगितले, तर सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न, ‘‘म्हणजे म्हशींना दारू पाजतात?’’

तसे नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 साली झाले, त्यात आपले मिरज आणि मनमाड होते. तेव्हा इथेनॉल म्हणजे उसाची मळी. तिच्यातून मद्यार्क काढल्यावर उरते ते काळे, उग्र वासाचे सांडपाणी. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली आणि मका पुढे आला. 2025 मध्ये पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. मक्यातला पिष्टाचा भाग किण्व खाते आणि त्याचा मद्यार्क होतो. प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू मागे राहतात. ते वाळवले की पोत्यातली ती भरड तयार. शंभर किलो मक्यातून साधारण तीस किलो निघते. मद्यार्क आधीच उडून गेलेला असतो.

मला ही कल्पना मनापासून पटते. माणसाच्या पोटाला न चालणाऱ्या वस्तूचे दूध करून देणे हे म्हशीचे काम आहेच. अमेरिकेतल्या गाई कित्येक वर्षे हेच खातात. मक्यात नऊ-दहा टक्के प्रथिने असतात, या चोथ्यात ती जवळपास तिप्पट होतात. (या स्वस्त प्रथिनांमुळे सोयापेंडीचे भाव पडले आणि 2024 मध्ये आपला सोयाबीन उत्पादक 4892 रुपयांच्या हमीभावाकडे नुसता बघत राहिला, हे दुखणे वेगळे. त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.)

पण प्रथिने तिप्पट होतात, तसे मक्यात आधीच असलेले विषही तिप्पट होते. ओल्या मक्यावर हिरवट बुरशी धरते. तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते कारखान्याच्या आचेने मरत नाही. म्हशीच्या पोटात त्याचे रूप बदलते आणि एक-दोन दिवसांत त्याचा काही अंश दुधात उतरतो. दूध कितीही उकळा, तो जात नाही. आणि हे विष यकृताच्या कर्करोगाशी जोडलेले आहे.

आपण घाबरतो ते युरियाच्या दुधाला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून 6432 नमुने तपासून 2019 मध्ये अहवाल दिला. त्यात असली घातक भेसळ सापडली फक्त 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मात्र 368 नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होते. हा अहवाल मक्याच्या इथेनॉलची लाट येण्यापूर्वीचा, म्हणून सगळा दोष या भरडीवर ढकलता येणार नाही. बुरशी सरकीलाही लागते, पेंडीलाही लागते. पण आता लाखो पोती नव्याने बाजारात येत आहेत, आणि आमच्या ठाणे-कल्याणच्या दमट हवेत ती तबेल्याच्या गळक्या छपराखाली पडून राहतात.

म्हणून पोत्यावर चार गोष्टी छापायची सक्ती हवी: कारखान्याचे नाव, तारीख, ओलावा आणि अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण. गाडीत इथेनॉल किती हे सरकार आकड्यात सांगते, तर गव्हाणीत काय पडते हे सांगायला कसली अडचण? तपासणीचा खर्च कारखान्याने सोसावा, दहा-वीस म्हशींच्या मालकावर तो टाकू नये. त्यानेही पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत आणि गुठळ्या झालेला माल फेकून द्यावा, हे मात्र त्याच्याच हातात आहे. बरी बाब अशी की खाद्य बदलले की काही दिवसांत दूध स्वच्छ होते.

परवा पुन्हा तबेल्यात गेलो. पोती फळ्यांवर चढली होती. ‘‘व्यापाऱ्याकडे तपासणीचा कागद मागितला,’’ शेठ म्हणाले. ‘‘तो हसला. म्हणाला, आजवर कुणी मागितला नाही.’’

पुढचा माल घ्यायला मीही बरोबर येतो, असे त्यांना सांगून आलो आहे.