बस बदलली, आपली सवयही बदलावी

ज्येष्ठ मंडळी पडून दुखापत झाल्यावर दवाखान्यात येतात, तेव्हा ‘कुठे पडलात?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा न्हाणीघर, उंबरठा किंवा ओली फरशी असेच असते. अधूनमधून मात्र ‘बसमध्ये’ असे उत्तर येते. बसला टक्कर झालेली नसते. ती सुटली किंवा थांबली, एवढेच निमित्त असते. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, तर 65 ते 75 या वयोगटाला निम्मे भाडे पडते. केंद्राच्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत आपल्या जळगावचाही समावेश आहे. त्यामुळे या नव्या बसचा स्वभाव ज्येष्ठांनी समजून घेतलेला बरा.

तो मला उलगडून सांगितला माझ्या एका रुग्णाने. पिंप्राळ्यातले हे गृहस्थ पुण्यात बसचालक म्हणून निवृत्त झाले. सारे त्यांना आबा म्हणतात. पीएमटीच्या काळात ते नोकरीस लागले. 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, 2019 मध्ये तिच्या ताफ्यात विद्युत बस दाखल झाल्या, आणि आबांनी बसच्या तीन पिढ्या हाताळल्या. दुखतो तो त्यांचा डावा गुडघा. दिवसाकाठी शेकडो वेळा क्लच दाबल्याची ती आठवण असावी, असे ते स्वतःच हसून म्हणतात.

जुन्या डिझेल बसचे इंजिन चालकाच्या शेजारीच असे. उन्हाळ्यात त्या धगीने पाय भाजून निघत आणि आवाजाने कान बधिर होत. “पण डॉक्टरसाहेब, ती गाडी आधी बोलायची. गियर पडला, इंजिन गुरगुरले, की प्रवासी आपोआप दांडी धरायचे,” असे आबा सांगतात. अशा बसच्या पायऱ्या मात्र उंच. आतली फरशी जमिनीपासून 90 सेंटिमीटर किंवा त्याहूनही वर असे.

पुढे सीएनजीवरच्या, खालच्या फरशीच्या बस आल्या. काहींची फरशी जमिनीपासून जेमतेम 40 सेंटिमीटर उंच, त्यामुळे चढणे सोपे झाले. इंजिन मागे गेल्याने चालकाला गारवा आणि शांतता मिळाली. परंतु मागच्या चाकांवरचा भाग उंच असल्याने बसच्या आतच पायऱ्या आल्या. चालत्या गाडीत त्या पायऱ्या चढताना तोल जाणारी माणसे आबांनी आरशात अनेकदा पाहिली आहेत.

विद्युत बसबद्दल आबा कौतुकाने बोलतात. क्लच नाही, गियर नाही, धूर नाही. पाळी संपल्यावर कंबर कमी दुखते. मात्र विजेच्या मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासूनच पूर्ण मिळतो. पाय जरा अधिक दाबला गेला, तर बस झटक्याने निघते. पाय उचलला, तर ब्रेक न लावताही वेग घटतो, कारण त्या वेळी मोटार उलट काम करून बॅटरी भारत असते. सवय होईपर्यंत नवख्या चालकाकडून प्रवाशांना हिसके बसतात. 9 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत कुर्ल्याला विद्युत बसच्या अपघातात अनेकांचे प्राण गेले, त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाची चर्चा राज्यभर झाली. आबांचे मतही तेच आहे: जुना हात असला तरी नवी गाडी नव्यानेच शिकावी लागते.

प्रवाशांनाही हे लागू आहे. वयानुसार मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि तोल सावरण्याची क्रिया मंदावते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते. त्यात बस आवाज न करता निघाली, तर सावध होण्याची संधीच मिळत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. पिशवी खांद्याला आडवी अडकवावी, म्हणजे एक हात दांडीसाठी मोकळा राहतो. तिकिटाचे पैसे आधीच हाताशी ठेवावेत. पुढच्या व मागच्या चाकांच्या मधले आसन निवडावे. शेवटच्या बाकावर गतिरोधकाचा दणका सर्वाधिक बसतो, आणि हाडे ठिसूळ झालेल्यांच्या मणक्याला तो मोडू शकतो. थांबा आला म्हणून आधीच उठू नये. उतरायचे असल्याचे वाहकाला सांगून ठेवावे आणि बस पूर्ण थांबल्यावरच उठावे. रस्ता ओलांडताना केवळ कानांवर विसंबू नये, कारण विद्युत बस जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही.

तरीही पडणे झालेच, तर घाईने उठवू नये. खुब्यात दुखत असेल, पायावर भार घेता येत नसेल, किंवा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळणे-मालीश टाळून एक्स-रे काढावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा दिवसांनी, तर काही वेळा आठवड्यांनी लक्षात येतो. या काळात वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात घोळ किंवा चालण्यात फरक दिसल्यास थांबू नये.

घरच्यांना एक विनंती. एकदा तोल गेला म्हणून आई-वडिलांचे बाहेर जाणे बंद करू नका. घरात बसून राहिल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. पहिले काही प्रवास त्यांच्यासोबत गर्दी नसलेल्या वेळी करा. रोज दोन वेळा, भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहादा उठण्या-बसण्याचा सराव त्यांच्याकडून करून घ्या. सुरुवातीस कोणीतरी शेजारी उभे असावे. गुडघ्यांना त्रास होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आबा स्वतः हा व्यायाम करतात आणि बाजाराला आजही बसनेच जातात. मात्र चालक निवृत्त झाला असला तरी बस थांबेपर्यंत ते आसन सोडत नाहीत.