हैती जवळ, धारवाड लांब

जगातल्या प्रत्येक देशाचं इतिहासाचं एक तरी पुस्तक वाचायचं, असं मी ठरवलंय. अट एकच : ज्यांच्यावर तो इतिहास गुदरला, त्यांच्या बाजूचा लेखक शक्यतो हवा. आतापर्यंतच्या वाचनातून माझं एक मत झालंय. अशा यादीचा खरा कस दूरच्या देशात लागत नाही, शेजारी लागतो.

दूरचं सोपं असतं. १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती आपण सगळेच शिकतो. पण त्याच फ्रान्सच्या वसाहतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, हे मला त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांच्या १९३८च्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’मधून नीट कळलं. ते वाचताना फ्रेंचांचा राग येतो. आपलं काहीच जात नाही.

गोव्याशी आलं की तसं राहत नाही. अ. का. प्रियोळकरांचं ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) कॅथलिक वाचकाला जड जातं, मलाही गेलं. पण १६१६च्या क्रिस्तपुराणाचा आणि फादर स्टीफन्सच्या मराठीचा अभिमान सांगायचा, तर १५६० साली गोव्यात आलेलं इन्क्विझिशनही सांगावं लागेल. खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. मग आपण पुस्तक उघडायला का घाबरायचं?

आणि सगळ्यात जवळचं शेजारपण म्हणजे कन्नड. आमच्या कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळचाच कळसा नाला म्हादईला मिळून गोव्यात उतरतो. इथला पाऊस एकच, पण पाणी दोन समुद्रांना. त्या म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं लवादापुढे गेली. लवाद २०१० साली नेमला, निवाडा २०१८ साली आला. १९५६पासूनचा सीमाप्रश्न तर अजून तसाच आहे. आपली बाजू आपल्याला तोंडपाठ. पण समोरच्याला त्याचा भूतकाळ कसा दिसतो, हे आपण कधी वाचतो?

आलूर वेंकटरावांचं ‘कर्नाटक गतवैभव’ १९१७चं. कर्नाटकाच्या एकीकरणामागे या पुस्तकाची मोठी प्रेरणा. पण हेच वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ही त्यांनीच कन्नडमध्ये नेलं. म्हणजे आपल्या भाषेचा झेंडा उचलणाऱ्या माणसाला शेजारची भाषा उत्तम येत होती. आपल्याला कन्नड येते ती मार्कांपुरती. इंग्रजीच्या जोरावर आपण हैतीपर्यंत पोचतो, धारवाडपर्यंत नाही!

कुणी म्हणेल, दुसऱ्याची बाजू वाचली की आपला हक्क ढिला पडतो. मला तसं वाटत नाही. मराठी शाळा हव्यात, सरकारी कागद मराठीतही हवेत, ही मागणी मी सोडणार नाही. उलट समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत माहीत असेल, तर बोलणं घोषणांच्या पुढे जाईल.

सध्या मी कोश शेजारी ठेवून कन्नड वाचतेय, रोज दोन पानं. वेग गोगलगायीचा आहे. मंडळातल्या कुणाला बरोबर यायचं असेल, तर या. पुढच्या सत्रात प्रत्येकाने एक कन्नड इतिहासग्रंथ वाचून त्यावर मराठीत बोलायचं, एवढीच सूचना.