शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पिता

काशीक्षेत्री दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, शीतला घाटाला लागून, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवून घेतलेला आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा जो घाट आहे, त्याच्या परिसरात जावळासाठी मूल मांडीवर घेऊन बसलेले पिते पाहिले, म्हणजे अपत्याच्या संस्कारांत पुरुषाचे स्थान आपल्या समाजाने किती आग्रहाने राखून ठेवले आहे याची खात्री पटते. त्याच मुलाच्या जन्माच्या घटकेस आपण कोठे होता, असे त्यांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर 'बाहेर' असेच येईल. आणि जन्म सिझेरियनने झाला असेल, तर आत जाण्याची गोष्ट काढणेही कोणास सुचले नसेल.

हा मज्जाव आपल्या प्राचीन रीतीला धरूनच आहे, असे समर्थन काही ज्येष्ठ डॉक्टरही करतात. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने फिरकू नये हा घरोघरचा शिरस्ता होता, हे खरे. पहिलटकरीण माहेरी जाई आणि जावईबापू बारशाला उगवत. परंतु जातकर्म हा संस्कार नाळ छेदण्यापूर्वी करावा असे मनुस्मृतीच सांगते, आणि सोन्याने मध-तूप चाटविण्याचा तो विधी पित्याकडे सोपविलेला असल्यामुळे, पिता निदान हाकेच्या अंतरावर असेल हे शास्त्रकारांनी गृहीतच धरले होते. (नवजात बालकास मध देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ बजावतात, आणि ते योग्यच आहे.) मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकर भट्टांनी ज्या काशीत 1612 साली 'निर्णयसिंधु' सिद्ध केला, त्या काशीत तरी धर्माची ढाल पुढे करून पित्यास बाहेर ठेवता येणार नाही.

प्रश्न लहानसहान राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 21.5 टक्के, महाराष्ट्रातील 25.4 टक्के आणि उत्तर प्रदेशातील 13.7 टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. देशभरातील खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर हे प्रमाण 47.4 टक्क्यांवर जाते. यांतील पुष्कळ स्त्रियांना कमरेतून भूल दिलेली असते, म्हणजे त्या पूर्ण शुद्धीत असतात. छातीपाशी हिरवा पडदा, एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्तदाब मोजण्याचा पट्टा, पोटात कोणी तरी ओढते आहे एवढीच जाणीव, आणि अवतीभोवती आपापसात परिभाषेत बोलणारी अनोळखी माणसे, अशा अवस्थेत पाऊण-एक तास पडून राहणाऱ्या स्त्रीच्या उशाशी तिचे एकही माणूस नसावे, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

रुग्णालयीन मंडळींची कैफियत मात्र नीट ऐकून घेतली पाहिजे. नवरा चक्कर येऊन पडला तर दोन रुग्ण सांभाळावे लागतील, निर्जंतुक भाग कोणता हे त्याला कळत नाही, सरकारी रुग्णालयात एकाच दालनात दोन टेबले असतात आणि शेजारच्या स्त्रीच्या लज्जेचे काय, परक्या पुरुषाने कपडे बदलायचे कोठे, या हरकती पोकळ नाहीत. त्यांच्या मुळाशी जी भीती आहे, ती तर अगदीच निराधार नाही. महाराष्ट्राला 2010 साली डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि राजस्थानातील दौसा जिल्ह्यात मार्च 2022 मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली, तेव्हा डॉक्टरबाईंवर खुनाचा गुन्हा नोंदविला गेला व त्यांनी आत्महत्या केली. ज्या व्यवसायाने हे पाहिले आहे, त्याला नातेवाईक आत नको वाटला तर नवल नाही.

तरीही मला असे वाटते की हा बंद दरवाजा त्या भीतीवरचा उपाय नसून तिच्या कारणांपैकी एक आहे. दाराबाहेरच्या माणसाला आतील धडपड दिसत नाही. त्याला दिसते ती धावत बाहेर येणारी परिचारिका आणि रक्ताच्या पिशवीची चिठ्ठी, आणि संशय तेथेच अंकुरतो. शिवाय स्वच्छतेची हरकत ज्या दालनात काढली जाते, तेथेच टोपी-मास्क लावलेले विद्यार्थी भिंतीशी दाटीने उभे असतात. आणखी एक विसंगती तर गमतीची आहे: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती हीच ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले असताना, दस्तखत नवऱ्याचे लागते, अनामत त्याने भरायची, रक्तपेढीकडे त्याने धावायचे, आणि हे सारे झाले की तोच इसम एकाएकी उपरा ठरतो.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. तमिळनाडूने 2004 सालीच प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याची मुभा दिली; फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती देशभर देऊ केली, आणि जेथे खासगीपणा राखण्याची तजवीज असेल तेथे पतीलाही प्रवेश मान्य केला. परंतु या हुकमाचा सारा रोख प्रसूतिकक्षावर आहे. तेथून ट्रॉली शस्त्रक्रियागृहाकडे वळली की तोही दारातच थबकतो. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयातील डॉक्टरांनी 2008 साली जी पद्धत मांडली, तीत बाळ बाहेर येताना पडदा खाली घेऊन माता-पित्यांना ते पाहू दिले जाते. आपण आजच तेथवर जावे असे मी म्हणत नाही.

पूर्वनियोजित शस्त्रक्रिया असेल आणि कमरेतून भूल दिलेली असेल, तर एका सोबत्यास उशाशी बसू द्यावे. संपूर्ण भूल द्यावयाची असेल किंवा जिवावरचा प्रसंग असेल, तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे कारण केसपेपरवर लिहावे, एवढी तरतूद आज होऊ शकते. यासाठी दोन टेबलांमध्ये पडदा, जादा गाऊन आणि बाहेर कपडे बदलण्यास आडोसा लागेल. तो खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाहून अधिक नाही. मात्र सोबती म्हणजे पतीच, असा नवा दंडक कोणी घालू नये. कित्येकींना आई हवी असते, कोणाला बहीण, आणि काहींना पती नकोच असतो. तेव्हा आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीत, नवरा आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या असताना, परिचारिकेने हा प्रश्न त्या स्त्रीलाच विचारावा आणि तिचे उत्तर तिच्याच कार्डावर नोंदवावे.