सागरतळाच्या जागा कोण निवडणार?

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावात मुले पोहायला शिकतात ती विहिरीत. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही गेल्या दीड दशकात मराठवाड्यातून कोकणात जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात ‘स्कूबा’ हा शब्द हमखास दिसू लागला आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्याच्या अर्थकारणाला त्यामुळे नवे वळण मिळाले. मात्र पाण्यात नेमके कोठे उतरावे, हा प्रश्न पर्यटकांनी व्यावसायिकांवर आणि शासनाने बव्हंशी गर्दीवर सोपविला आहे. त्याची किंमत पर्यटक आणि सागरतळ या दोघांनाही मोजावी लागू शकते.

डुबकीची जागा चांगली की वाईट, हे प्रथम ठरवते ती पाण्याची पारदर्शकता. कोकणच्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची माती समुद्रात आणून ओततात. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील पाणी त्यामुळे सहज गढूळ होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात. पाऊस सरल्यावर गाळ खाली बसू लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वसाधारणपणे अधिक अनुकूल ठरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह वाढतात व तळ ढवळला जातो. म्हणजे जागेची निवड ही वेळेचीही निवड असते. मे महिन्याच्या सुटीत, मोसमाच्या अखेरीस, सर्वाधिक गर्दी व्हावी हा या व्यवसायातील मोठा विरोधाभास आहे.

दुसरी कसोटी तळाची. वाळूच्या सपाट तळावर पाहण्यासारखे थोडे असते. मासे खडकाच्या आणि प्रवाळाच्या आश्रयाने राहतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती असे खडक आहेत, म्हणूनच तेथे नौकांची दाटी होते. परंतु हाच परिसर १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात किल्ला, पद्मगड आणि लगतचे बुडालेले खडक यांचा समावेश आहे. प्रवाळ अतिशय मंद गतीने वाढतो. नौकेचा नांगर एकदा त्यावर आदळला, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात नष्ट होते. नवख्याचे पाय टेकणे आणि माशांना जमविण्यासाठी पाव टाकणे यांचेही परिणाम होतात. नांगराऐवजी कायमस्वरूपी तरंगत्या बोयांना नौका बांधण्याची सोय हा त्यावरचा साधा उपाय होय.

तिसरी कसोटी सुरक्षिततेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. हा अपघात पाण्याखाली झाला नव्हता, तर परतीच्या प्रवासात झाला. तेव्हा स्थळ पारखताना खोलीइतकेच नौकेची क्षमता, जीवरक्षक जाकिटे आणि किनाऱ्यापर्यंतचे अंतर पाहिले पाहिजे. पाण्याखालचे नियमही निसर्गाचेच आहेत. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना श्वास रोखल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. देशावरच्या पर्यटकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रशिक्षित होऊन खोल डुबकी घेतल्यावर त्याच दिवशी सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीमार्गे घरी निघणे शहाणपणाचे नाही. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ द्यावा लागतो.

किल्ल्याजवळचा ताण कमी करण्यासाठी नव्या जागांचा विचार आवश्यक आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तेथे कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची योजना याच दिशेची आहे. अशा नौकेवर कालांतराने शिंपले, प्रवाळ व मासे वस्ती करतात, हा जगभरचा अनुभव आहे. मात्र उघड्या समुद्रातील अशी जागा प्रशिक्षित पाणबुड्यांसाठी असते. अर्ध्या तासाची सूचना ऐकून उतरणाऱ्यांसाठी नव्हे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचे आकर्षण त्याहून मोठे. पण तिचा माथाच सुमारे वीस मीटर खोल आहे आणि मदत तितकीच दूर.

या प्रश्नाला मच्छीमारांची बाजूही आहे. अभयारण्याला स्थानिकांचा विरोध झाला, कारण उपजीविका हिरावली जाईल ही भीती होती. आज त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांना स्कूबा आणि नौकाविहारातून रोजगार मिळतो. खडक कोठे आहे, प्रवाह कधी फिरतो, मासा कोठे थांबतो याचे ज्ञान त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. सागरी संशोधकांची पाहणी आणि हे ज्ञान एकत्र आणून शासनाने जागा निश्चित कराव्यात, प्रत्येक जागेवरील दैनंदिन नौकांची संख्या ठरवावी आणि काही खडकांना आळीपाळीने विश्रांती द्यावी.

तोवर पर्यटकाच्या हाती एवढेच उरते की, स्वस्त दराआधी पाण्याची स्थिती, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि नौकेतील माणसांची संख्या विचारावी. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास किनाऱ्यावर थांबण्यात कमीपणा नाही. प्रवाळ जगला तरच मासा राहील, आणि मासा राहिला तरच पुढच्या मोसमात कोणी तेथे डुबकी घेण्यास येईल.