भाकीत कोणासाठी?

विद्यार्थी शिक्षण सोडतो, त्याची चाहूल बहुधा आधीच लागलेली असते. अमेरिकेतील अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून ती संगणकाकरवी टिपण्यास आरंभ केला. पायाभूत विषयांतील कमी गुण, चुकलेली विषयनिवड अशा आठशे लक्षणांवर रोज नजर ठेवली जाऊ लागली. तेथे २००३ मध्ये ३२ टक्क्यांवर असलेले पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाण पुढे पन्नास टक्क्यांपलीकडे गेले. मात्र नुसत्या इशाऱ्याने कोणी सावरत नाही. विद्यापीठाने सल्लागार वाढविले आणि थोड्या शुल्कापायी अडलेल्यांना अनुदाने दिली, हे विसरून चालणार नाही.

याउलट, मेरीलँडमधील माउंट सेंट मेरीज विद्यापीठात नवागतांकडून प्रश्नावली भरून घेऊन डळमळीत विद्यार्थ्यांना गळतीच्या मोजणीपूर्वीच वाटेला लावण्याचा अध्यक्षांचा बेत होता. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने तो उघडकीस आणला. पुढे अध्यक्षांनी राजीनामा दिला.

माहिती दोन्हीकडे होती, हेतू मात्र परस्परविरोधी होते. म्हणूनच अशी यादी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक प्रश्न विचारला पाहिजे: नाव यादीत आल्यावर त्या विद्यार्थ्याकडे कोण जाणार आणि कोणती मदत घेऊन? याचे उत्तर तयार नसेल, तर ती वगळण्याचीच यादी ठरेल.