डोळ्यांतील पाण्याचा दुष्काळ

बीड जिल्ह्यातील दुष्काळ मोजण्याची साधने शासनापाशी पुष्कळ आहेत. पर्जन्यमापके आहेत, पिकांची आणेवारी आहे, विहिरींच्या पातळीच्या आणि टँकरच्या खेपांच्या नोंदी आहेत. एक कोरडेपणा मात्र कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. तो आहे कष्टकऱ्यांच्या डोळ्यांतला. डोळे चुरचुरणे, खडा गेल्यासारखे खुपणे, लाल होणे, उन्हात उघडे न राहणे, दृष्टी क्षणभर पुसट होऊन पापणी मिटताच पुन्हा स्वच्छ होणे, ही सारी गाऱ्हाणी आष्टी-पाटोद्यापासून धारूर-परळीपर्यंत घरोघर ऐकू येतात. परंतु ती रोग म्हणून नव्हे, नशीब म्हणून सांगितली जातात.

शुष्क नेत्रविकार हा संगणकापुढे बसणाऱ्या शहरी माणसाचा विकार, असा एक समज आहे. पडद्याकडे टक लावून पाहिल्याने पापण्यांची उघडझाप मंदावते व डोळे कोरडे पडतात, हे खरेच आहे. परंतु रोगाचे मूळ समजून घेतले तर ध्यानात येईल की, कोरडी हवा, धूळ, धूर आणि वारा यांत राबणारा माणूस त्याला अधिक बळी पडू शकतो.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. अश्रुग्रंथींतून येणारे पाणी, ते बुबुळावर चिकटून राहावे म्हणून लागणारा श्लेष्मल अंश आणि ते वाळून जाऊ नये म्हणून पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथींतून स्रवणारी तेलकट साय, या तिघांचा मिळून डोळ्यावर एक पातळ पडदा होतो. पाणी कमी पडले वा तेलाच्या ग्रंथी तुंबल्या, की हा पडदा टिकत नाही. उरलेले अश्रू खारट व दाट होतात, त्यामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह होतो, आणि दाहामुळे पडदा आणखी बिघडतो. असे हे दुष्टचक्र आहे. या रोगाचे एक लक्षण तर सर्वांनाच चकविते. टोचणी लागली की डोळा एकाएकी भळाभळा गळू लागतो, आणि पाणी वाहणारा डोळा कोरडा असेल हे कोणाच्या मनातही येत नाही.

आता ऊसतोड कामगाराच्या दिनक्रमाकडे पाहा. दसरा-दिवाळीनंतर पतिपत्नींचे ‘कोयते’ मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पहाटेच्या बोचऱ्या वाऱ्यात तोड सुरू होते. पाचटाची धूळ, उसाच्या पात्यांची कूस, पेटविलेल्या फडाची काजळी, रात्री कोपीतल्या चुलीचा धूर आणि फेब्रुवारी-मार्चची तापती हवा, यांपैकी एकही गोष्ट अश्रूंचा पडदा टिकू देणारी नाही. डोळ्यांना विश्रांती द्यावी तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. परळी परिसरातील रहिवाशांना हीच झळ औष्णिक वीज केंद्राच्या उडत्या राखेची बसते.

स्त्रियांचा प्रश्न याहून गंभीर आहे. हा विकार मुळातच पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो व ऋतुनिवृत्तीनंतर वाढतो, कारण अश्रूंच्या आणि तेलाच्या ग्रंथींचे काम अंतःस्रावांवर अवलंबून असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले असतील, तर ऋतुनिवृत्ती तत्काळ येते. ते राखले असले तरीही ती पुष्कळदा अकाली येते. या स्त्रियांच्या कंबरदुखीची व हाडांच्या झिजेची चर्चा झाली, ती योग्यच होती. त्यांच्या डोळ्यांबद्दल मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

मुलांच्या डोळ्यांचा कोरडेपणा निराळ्या कारणाने येतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी आधी रातांधळेपणा येतो, मग पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसतात आणि शेवटी बुबुळ मऊ पडून फुटू शकते. त्यासाठी १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मात्रा द्यावयाच्या आहेत. परंतु जे मूल वर्षातील सहा महिने गावाबाहेरच्या कोपीत काढते, त्याची मात्रा चुकणार नाही याची जबाबदारी कोणाची?

कोणी म्हणेल की, जेथे रक्तक्षय आणि क्षयरोग यांचीच व्यवस्था धड नाही, तेथे चुरचुरणाऱ्या डोळ्यांचे काय घेऊन बसलात? हा युक्तिवाद वरवर व्यवहारी दिसतो, पण तो फसवा आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतिबिंदूच्या शस्त्रक्रिया खेड्यापर्यंत नेल्या, हे त्याचे श्रेय कोणी नाकारणार नाही. परंतु त्याची मोजपट्टी अंधत्वाची होती. शुष्क नेत्रविकाराने माणूस सहसा आंधळा होत नाही, म्हणून तो त्या मोजपट्टीत बसत नाही. तो आंधळा होत नसेल, पण त्याचे काम मंदावते, आणि टनावर मजुरी मिळणाऱ्याचे काम मंदावणे म्हणजे त्याची भाकरी कमी होणे होय.

शिवाय दुर्लक्षित कोरडेपणा पुढच्या अनर्थाला वाट करून देतो. डोळे लाल झाले की माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि मिळेल ती बाटली घेतो. तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, म्हणून तीच बाटली महिनोन् महिने चालते. त्यातून काचबिंदू व मोतिबिंदू उद्भवू शकतात. पाचटाच्या टोचण्याने बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर याच थेंबांनी ती चिघळून डोळा कायमचा जातो. हे औषध चिठ्ठीवाचून विकू नये असा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत पाहावे.

वस्तुतः या रोगाचे निदान महागड्या यंत्रांवाचून अडत नाही. रुग्णाला नीट प्रश्न विचारणे ही पहिली तपासणी. खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहणे ही दुसरी. जर्मन नेत्रतज्ज्ञ शिर्मर यांनी ती १९०३ साली सांगितली. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर अश्रूंची तूट उघड आहे. डोळ्यात फ्लुरेसिन हा रंग घालून निळ्या प्रकाशात अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो हे पाहणे ही तिसरी. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर समजावा. त्याबरोबर पापण्यांच्या कडा तपासाव्यात, संधिवात आहे का आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारावे, कारण ही दोन्ही डोळे कोरडे करणारी कारणे आहेत.

उपचारही पायरीपायरीने आहेत. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे पापण्या शेकाव्यात व कडा हलक्या हाताने स्वच्छ कराव्यात, म्हणजे तुंबलेले तेल मोकळे होते. धुरापासून व वाऱ्यापासून संरक्षण हवे. कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमाने घालावे लागतात. त्यांतील कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने भागले नाही तर सायक्लोस्पोरिनसारखी दाहशामक औषधे वा अश्रू वाहून नेणारी छिद्रे बुजविण्याचा उपाय तज्ज्ञांनी करावयाचा असतो. मध, दूध वा झाडपाल्याचे रस डोळ्यात घालू नयेत. हा विकार बहुधा मुळापासून जात नाही, पण तो आटोक्यात राहतो. त्यासाठी सातत्य हवे, आणि स्थलांतरित मजुराच्या आयुष्यात नेमके तेच नसते.

म्हणून आमची मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. कोयते बाहेर पडण्यापूर्वी आणि परतल्यावर होणाऱ्या आरोग्य तपासणीत डोळ्यांच्या कोरडेपणाची तपासणी असावी, आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीची ती झालीच पाहिजे. कृत्रिम अश्रूंची बाटली प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि साखर कारखान्याच्या तळावर मोफत मिळावी. रुग्णाची नोंद त्याच्याबरोबर कारखान्यापर्यंत जावी. तोडीच्या वेळी संरक्षक चष्मा देण्याची जबाबदारी कारखान्यावर असावी. खेड्यांसाठी म्हणून १९७०च्या दशकात अंबाजोगाईस उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. ऊसतोड कामगारांच्या डोळ्यांची पद्धतशीर पाहणी करण्यास त्याच्याइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

कार्यकर्त्यांनीही शासनाची वाट पाहत बसू नये. वस्तीवर गेल्यावर मजुरीचा व उचलीचा हिशेब विचारतो, तसे डोळ्यांचेही विचारावे. घरातील थेंबांची बाटली मागून पाहावी, तीत स्टेरॉइड असेल तर ती स्वतः बंद न करविता त्या माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जावे. आणि अशा रुग्णांची गाववार यादी करावी. ज्याची यादी नाही त्याचा प्रश्न शासनदरबारी अस्तित्वातच नसतो, हे टँकरसाठी झगडलेल्या बीडच्या माणसाला नव्याने सांगावयास नको.